फोटो नेमका कोणत्या मोहिमेचा? जुन्या अंतराळछायाचित्रांची ओळख पटवण्याची पद्धत

‘अपोलो ११’ असे लिहिलेल्या फोटोत चांद्रगाडी उभी असते. ‘ब्लू मार्बल, १९७२’ अशी ओळ असलेल्या पृथ्वीवर उत्तर अमेरिका ठसठशीत दिसते. जेमिनी-७ चे यान समोर दिसते म्हणून फोटो जेमिनी-७ च्या नावावर जातो, पण तो काढलेला असतो जेमिनी-६ए मधून. चुका निरनिराळ्या वाटल्या तरी मूळ एकच आहे. फोटोत काय दिसते त्यावरून लोक मोहीम ठरवतात. काम दुसऱ्या टोकाकडून करायला हवे. आधी क्रमांक पाहायचा, मग फ्रेमवरच्या खुणा, मग तारीख. फोटोतला विषय शक्यतो शेवटी.

एक खुलासा आधीच करतो. खालचे सगळे क्रमांक देवनागरीत दिले आहेत. शोधताना ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका, मधल्या आडव्या रेघांसकट. रेघ किंवा सुरुवातीचे शून्य गाळले की बऱ्याच संग्रहांत काहीच सापडत नाही.

## तयारी

शोध सुरू करण्याआधी चार गोष्टी करून ठेवा.

१. मिळेल तेवढी मोठी प्रत मिळवा. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत या कामासाठी जवळपास निरुपयोगी असते. तिथे फाइलचे मूळ नाव जाते, आत नोंदलेली माहिती जाते आणि बारीक खुणा पुसल्या जातात. पाठवणाऱ्याकडून तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

२. फोटो सरळ करणे, कापणे, उजळ करणे यांतले काहीही मूळ फाइलवर करू नका. प्रत काढा आणि प्रतीवर काम करा.

३. कागदी प्रिंट असेल तर दोन्ही बाजू स्कॅन करा, पांढऱ्या कडेसह, किमान ६०० डीपीआयवर. नासाच्या जुन्या प्रिंटवर क्रमांक बहुधा वरच्या पांढऱ्या कडेत छापलेला असतो. रंगीत प्रिंटवर तो लाल असतो, कृष्णधवल प्रिंटवर काळा. फ्रेम करणारे नेमकी हीच कड कापून टाकतात, म्हणून फ्रेममागची पाठही उघडून पाहा.

४. एका कागदावर तीन रकाने आखा: कोणी काढला, कोण दिसते, कोणी नोंदवला.

इशारा: फाइलच्या आत नोंदलेल्या तारखेवर विसंबू नका. फिल्मवरचे फोटो बऱ्याच वर्षांनी स्कॅन झाले आहेत. तिथली तारीख स्कॅनची असते, फोटोची नव्हे.

## टप्पा १: तीन प्रश्न वेगळे ठेवा

रकान्यांची गरज का आहे ते तीन उदाहरणांवरून कळेल.

१५ डिसेंबर १९६५ रोजी जेमिनी-६ए आणि जेमिनी-७ कक्षेत एकमेकांजवळ आली. जेमिनी-७ चे जे सुंदर फोटो आपण पाहतो ते जेमिनी-६ए च्या खिडकीतून घेतलेले आहेत. ‘कोण दिसते’ मध्ये ७ आणि ‘कोणी काढला’ मध्ये ६ए.

मे २०११ मध्ये एन्डेव्हर शटल अंतराळस्थानकाला जोडलेले असतानाचे फोटो अंतराळवीर पाओलो नेस्पोली यांनी परतीच्या सोयूझ यानातून घेतले. शटल एसटीएस-१३४ मोहिमेचे होते, पण फोटो नोंदवले गेले स्थानकाच्या २७ व्या मोहीम-तुकडीच्या क्रमांकांत.

तिसरे उदाहरण ताजे आहे. शुभांशु शुक्ला ॲक्सिअम-४ या खासगी मोहिमेतून जून २०२५ मध्ये स्थानकावर गेले. तिथल्या त्यांच्या फोटोंचे क्रमांक ‘आयएसएस०७३’ ने सुरू होतात (आयएसएस म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक), कारण त्या वेळी स्थानकावर ७३ वी तुकडी होती. क्रमांकात ॲक्सिअमचे नाव शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

तिन्ही रकाने भरल्याशिवाय ओळ लिहू नका. एखादा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या.

## टप्पा २: क्रमांकाची जात ओळखा

क्रमांक दिसला की काम झाले, असे बहुतेकांना वाटते. क्रमांक तीन जातींचे असतात. फ्रेमचा क्रमांक मोहीम सांगतो. संस्थेचा नोंदक्रमांक वर्ष आणि केंद्र सांगतो. संकेतस्थळाचा क्रमांक फक्त यादीतली जागा सांगतो. सर्वाधिक चुका दुसऱ्या जातीला पहिली समजल्यामुळे होतात.

अपोलो फ्रेम. एएस११-४०-५९०३ घ्या, म्हणजे चंद्रावर उभ्या असलेल्या ऑल्ड्रिनचा तो प्रसिद्ध फोटो. ‘एएस११’ म्हणजे अपोलो ११, ४० म्हणजे फिल्मचे मॅगझिन आणि ५९०३ ही फ्रेम. क्रमांक असा पूर्ण मिळाला तर मोहिमेचा प्रश्न तिथेच सुटतो. ‘पृथ्वीउदय’, म्हणजे चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी, आहे एएस०८-१४-२३८३. मूळ ‘ब्लू मार्बल’ आहे एएस१७-१४८-२२७२७. सत्तर मिलिमीटर फिल्मच्या मॅगझिनचे आकडे मोहिमेगणिक वाढत गेले. अपोलो ११ चे आकडे ४० च्या आसपास आहेत, अपोलो १७ चे १३३ च्या पुढे. त्यामुळे ‘एएस११’ आणि मॅगझिन १४८ एकत्र दिसले तर कुणीतरी टाइप करताना चूक केली आहे हे समजा.

‘एस’ क्रमांक. एस६५, एस६९, एस८४ असे सुरू होणारे क्रमांक ह्यूस्टनच्या केंद्राचे. पुढचे दोन आकडे नोंदीच्या वर्षाचे असतात. मोहिमेशी त्यांचा थेट संबंध नाही. एस६५ खाली जेमिनीच्या पाच वेगवेगळ्या उड्डाणांचे फोटो येऊ शकतात, शिवाय सराव, पत्रकार परिषदा आणि नियंत्रण कक्षही. वर्षाच्या शेवटी झालेल्या मोहिमेचे फोटो पुढच्या वर्षाच्या आकड्याखालीही सापडतात. ‘एस’ क्रमांक मिळाला की तो पूर्ण शोधून मूळ इंग्रजी ओळ वाचा. नुसत्या वर्षावरून मोहीम ठरवू नका.

केएससी (केनेडी केंद्र) आणि जेएससी (ह्यूस्टनचे जॉन्सन केंद्र). हे बहुतेक जमिनीवरचे फोटो: प्रक्षेपण, सराव, पोशाखाची चाचणी. ‘आयएसएस’ ने सुरू होणारा फोटो कक्षेतला आणि ‘जेएससी’ ने सुरू होणारा जमिनीवरचा, ही खूण सुनीता विल्यम्स यांच्या फोटोंसाठी फार उपयोगी पडते. पहिल्या मुक्कामातले फोटो आयएसएस०१४ आणि ०१५ मध्ये आहेत, २०१२ चे ०३२ आणि ०३३ मध्ये. सरावाच्या टाकीतला फोटो ‘स्पेसवॉक’ म्हणून छापण्याची चूक या एका खुणेने टळते.

स्कायलॅब. एसएल-१ हे माणसांशिवाय गेलेल्या स्थानकाचे उड्डाण होते. माणसे गेली ती एसएल-२, ३ आणि ४ वर. पण तुकड्यांच्या बिल्ल्यांवर १, २, ३ असे आकडे आहेत. म्हणून बिल्ला पाहून क्रमांक लिहिला की मोहीम एकाने मागे सरकते. स्कायलॅबचे पृथ्वीच्या पार्श्वभूमीवरचे नेहमी छापले जाणारे चित्र एसएल४-१४३-४७०६ आहे. ते शेवटच्या तुकडीने निघताना घेतले.

शटल. इथला घोळ खास आहे. एसटीएस-९ नंतर काही काळ ४१-बी, ५१-एल अशी नावे दिली गेली. पहिला आकडा आर्थिक वर्षाचा, दुसरा प्रक्षेपणस्थळाचा (१ म्हणजे केनेडी) आणि अक्षर त्या वर्षातल्या क्रमाचे. १९८८ पासून पुन्हा साधे आकडे आले. परिणामी एसटीएस-६१-बी हे १९८५ चे उड्डाण आणि एसटीएस-६१ हे डिसेंबर १९९३ चे, हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीचे. एसटीएस-४१ आणि ५१ यांचीही हीच गत. फोटो क्रमांकात ‘एसटीएस०६१’ असे शून्यासह तीन आकडे दिसले तर नंतरचे उड्डाण, आकड्याला अक्षर चिकटलेले असेल तर १९८४ ते ८६ मधले.

कल्पना चावला यांच्या बाबतीत एसटीएस-८७ (१९९७) आणि एसटीएस-१०७ (२००३) ही दोन्ही उड्डाणे कोलंबियाचीच. शटलच्या बाजूवरचे नाव वाचून निर्णय होत नाही. क्रमांकच हवा.

पीआयए. हे ग्रहमोहिमांच्या फोटोसंग्रहाचे क्रमांक. ते यादीत घातल्याच्या क्रमाने पडतात. ‘पेल ब्लू डॉट’, म्हणजे दुरून ठिपक्याएवढी दिसणारी पृथ्वी, व्हॉयेजर-१ ने १९९० मध्ये टिपला. त्याचा जुना क्रमांक पीआयए००४५२ आणि २०२० मध्ये नव्याने प्रक्रिया केलेल्या आवृत्तीचा पीआयए२३६४५. फोटो एकच, क्रमांक दोन. पीआयए क्रमांकाच्या मोठेपणावरून फोटोचे वय काढू नका. त्या पानावरचे यान आणि उपकरण हे दोन रकाने वाचा.

पडताळणी: क्रमांक शोधल्यावर समोर आलेला फोटो आणि तुमचा फोटो शेजारी ठेवा. दगड, सावल्या, ढग यांतल्या किमान तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. एकाच मॅगझिनमधल्या लागोपाठच्या फ्रेम जवळपास सारख्या दिसतात आणि ५९०३ ऐवजी ५९०२ लिहिले जाते.

## टप्पा ३: ग्रहयानांच्या फाइलनावांचे वाचन

ग्रहयानांच्या मूळ फाइलींची नावे क्लिष्ट दिसतात, पण मोहीम, कॅमेरा आणि वेळ बहुधा त्यांतच दडलेली असते.

व्हायकिंग ऑर्बिटर. ०३५ए७२ मध्ये ३५ वी प्रदक्षिणा, ‘ए’ म्हणजे ऑर्बिटर १ आणि ७२ वी फ्रेम. ‘बी’ असेल तर ऑर्बिटर २. हा २५ जुलै १९७६ चा ‘मंगळावरचा चेहरा’, म्हणजे चेहऱ्यासारखी दिसणारी टेकडी. त्याच टेकडीचे एसपी१-२२००३ आणि ई०३-००८२४ हे फोटो मार्स ग्लोबल सर्व्हेयरचे, अनुक्रमे १९९८ आणि २००१ चे. पीएसपी_००३२३४_२२१० हा मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरच्या हायराइज कॅमेऱ्याचा, २००७ चा. टेकडी एक, याने तीन. विषयावरून मोहीम का ठरत नाही याचे याहून चांगले उदाहरण नाही.

हायराइजच्या नावात मधला आकडा प्रदक्षिणेचा आणि शेवटचे चार आकडे अक्षांशाचे असतात. नेहमीच्या दिवसाच्या फोटोंसाठी १८०० म्हणजे विषुववृत्त. २२१० मधून १८०० वजा केले की ४१० उरतात, म्हणजे ४१.० अंश उत्तर. ‘चेहरा’ असलेला सायडोनियाचा भाग तिथेच आहे. ओळीत दक्षिण ध्रुव लिहिला असेल आणि नावात २२१० असेल, तर ओळ चूक.

कॅसिनी. ‘एन’ म्हणजे अरुंद दृष्टीचा कॅमेरा, ‘डब्ल्यू’ म्हणजे रुंद दृष्टीचा. पुढचे दहा आकडे यानाच्या घड्याळाचे, सेकंदांत. इथे हमखास फसगत होते. आकडा संगणकाच्या नेहमीच्या १९७० पासूनच्या सेकंदांसारखा दिसतो आणि लोक तो तसाच बदलून घेतात. कॅसिनीचे घड्याळ मोजते १ जानेवारी १९५८ पासून. एन१४८४५७३२९५ चे थेट रूपांतर केले तर १६ जानेवारी २०१७ येते. त्यातून आधी ३७,८६,९१,२०० सेकंद वजा करा, म्हणजे १६ जानेवारी २००५ ही तारीख मिळते. बारा वर्षांचा फरक. धोका असा की शनीभोवतीची मोहीम २००४ ते २०१७ चालली, त्यामुळे चुकीची तारीखही मोहिमेच्या आतच पडते आणि कुणाला शंका येत नाही. यानाचे घड्याळ किंचित सरकते, म्हणून या गणितातून दिवस घ्या. नेमकी वेळ मूळ फाइलसोबतच्या लेबल फाइलमधूनच घ्या.

स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी. हे मंगळावरचे दोन रोव्हर. फाइलनावाचा पहिला आकडा रोव्हर सांगतो. १ म्हणजे ऑपॉर्च्युनिटी आणि २ म्हणजे स्पिरिट. आधी उतरला स्पिरिट, म्हणून सगळे उलट धरतात. पुढचे अक्षर कॅमेऱ्याचे: ‘पी’ पॅनकॅम, ‘एन’ नॅव्हकॅम, ‘एफ’ आणि ‘आर’ पुढचा-मागचा धोकादर्शक कॅमेरा. यांचे घड्याळ २००० सालापासून मोजते, म्हणजे कॅसिनीचे गणित इथे चालत नाही.

व्हॉयेजर. फाइलनावात सात आकडी मोजणी असते. शेवटचे दोन आकडे ५९ च्या पुढे कधीच जात नाहीत. ७४ वगैरे दिसले तर आकडा कुठेतरी चुकून उतरला आहे. पण दोन्ही व्हॉयेजरांची मोजणी स्वतंत्र आहे, त्यामुळे या आकड्यावरून १ की २ ते ठरत नाही.

जूनो. नावात वर्ष आणि वर्षातला दिवस एकत्र असतो. २०१६२४० म्हणजे २०१६ चा २४० वा दिवस. २०१६ लीप वर्ष असल्याने तो २७ ऑगस्ट ठरतो.

इशारा: मूळ फाइलसोबत लेबल फाइल येते. त्यात मोहिमेचे नाव आणि उपकरण वाहून नेणाऱ्या यानाचे नाव असे दोन रकाने असतात. व्हॉयेजरच्या बाबतीत पहिल्यात नुसते ‘व्हॉयेजर’ असते आणि दुसऱ्यात ‘व्हॉयेजर १’. दुसरा रकाना वाचा.

## टप्पा ४: क्रमांक नसेल तर फ्रेमवरच्या खुणा

प्रतीचा आकार १०० टक्क्यांवर ठेवून कडा आणि सपाट काळा भाग तपासा.

समान अंतरावरचे बारीक अधिक-चिन्हांचे क्रॉस म्हणजे अपोलोच्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यातली काचपट्टी. पाच ओळी, पाच रकाने, एकूण २५ क्रॉस, आणि मधला इतरांपेक्षा मोठा. हा मोठा क्रॉस फोटोच्या मध्यावर नसेल तर फोटो कापलेला आहे, आणि कोणत्या बाजूने ते लगेच कळते. सगळ्या अपोलो कॅमेऱ्यांत ही काच नव्हती. पृथ्वीउदयावर क्रॉस नाहीत, तरी तो अपोलो ८ चाच. पांढऱ्याशुभ्र भागावर क्रॉस पुसट होतो किंवा नाहीसा होतो, कारण फिल्मवरचा प्रखर उजेड बारीक काळी रेघ गिळून टाकतो. खोटेपणाचा पुरावा म्हणून तो मिरवणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

फोटोभर समांतर पट्ट्या आणि पट्ट्यांच्या सांध्यावर उजेडाचा फरक म्हणजे लूनार ऑर्बिटर. १९६६-६७ मध्ये गेलेल्या या पाच यानांनी फिल्म यानातच धुतली आणि पट्ट्यापट्ट्यांनी स्कॅन करून पाठवली. यान १ ते ५ पैकी कोणते हे पट्ट्यांवरून कळत नाही. त्यासाठी फ्रेम क्रमांक हवा: आधी यानाचा आकडा, मग फ्रेम, शेवटी ‘एम’ किंवा ‘एच१’ ते ‘एच३’.

काळ्या ठिपक्यांची नेमकी जाळी दिसली तर व्हिडिकॉन नळीचा (जुन्या टीव्ही पद्धतीचा) कॅमेरा: मरिनर, व्हायकिंग ऑर्बिटर, व्हॉयेजर. विखुरलेले, अनियमित काळे ठिपके मात्र पृथ्वीकडे पाठवताना हरवलेली माहिती असते. ‘चेहऱ्या’वर असे बरेच आहेत. सुधारित आवृत्त्यांत दोन्ही प्रकारचे ठिपके पुसून टाकलेले असतात, म्हणून ‘ठिपके नाहीत’ यावरून काहीही सिद्ध होत नाही.

मापे पाहा. मरिनर-४ चे फोटो २०० × २०० चे, मरिनर-९ चे ८३२ × ७००, व्हायकिंग ऑर्बिटरचे १२०४ × १०५६, कॅसिनीचे १०२४ × १०२४. व्हॉयेजर आणि गॅलिलिओ दोघांचेही ८०० × ८००. त्यामुळे गुरूच्या फोटोत नुसत्या मापाने निवाडा होत नाही. ठिपक्यांची जाळी असेल तर व्हॉयेजर.

सोव्हिएत याने वेगळी ओळखू येतात. वक्राकार क्षितिजाचा लांबट पॅनोरमा आणि खाली दातेरी कडा दिसली तर ती शुक्रावर उतरलेली व्हेनेरा १३ किंवा १४, दोन्ही मार्च १९८२ मधली. पायाशी सुटी माती असेल तर १३, सलग सपाट फरशीसारखा खडक असेल तर १४. व्हेनेरा ९ आणि १० चे पॅनोरमा १९७५ चे आणि कृष्णधवल. ११ आणि १२ च्या नावावर पृष्ठभागाचा फोटो कुठे दिसला तर तो हमखास चूक, कारण त्यांच्या कॅमेऱ्यांची झाकणे उघडलीच नाहीत. चंद्रावर उतरलेल्या लूना-९ च्या फोटोंत आणखी एक अडचण आहे. जॉड्रेल बँक वेधशाळेने संदेश पकडून आधीच प्रसिद्ध केलेल्या चित्रांत रुंदी-उंचीचे प्रमाण बिघडले होते. ताणलेली आणि सरळ अशा दोन्ही आवृत्त्या आजही फिरतात.

पडताळणी: फोटो उलटा किंवा आरशातला तर नाही ना? मूळ ब्लू मार्बलमध्ये अंटार्क्टिका वरच्या बाजूला होती आणि पृथ्वीउदयात चंद्राचे क्षितिज उभे होते. छापताना दोन्ही फिरवले गेले. फिरवणे चालते, पण आरशातली प्रत कुठल्याच मूळ फ्रेमशी जुळणार नाही आणि शोध फुकट जाईल. जुळत नसेल तेव्हा प्रतीवर आडवी उलट करून पाहा.

## टप्पा ५: तिथे कोण गेले होते?

अजूनही उत्तर नसेल तर आता विषयाकडे वळा, पण वगळण्यासाठी. युरेनस आणि नेपच्यूनचा जवळून घेतलेला फोटो व्हॉयेजर-२ चाच असू शकतो, अनुक्रमे जानेवारी १९८६ आणि ऑगस्ट १९८९ चा. प्लूटोचा जवळचा फोटो न्यू होरायझन्सचा, जुलै २०१५ चा. बुधाचा जुना, अर्धवट नकाशासारखा जोडफोटो मरिनर-१० चा. त्याने तिन्ही भेटींत जवळपास तोच गोलार्ध उजेडात पाहिला, म्हणून बुधाचा उरलेला भाग दिसत असेल तर तो मेसेंजर किंवा त्यानंतरच्या यानाचा.

पृथ्वीच्या पूर्ण गोलाचे फोटो इथे सर्वाधिक नडतात. ७ डिसेंबर १९७२ च्या फोटोत आफ्रिका, अरबस्तान आणि अंटार्क्टिका दिसतात. उत्तर अमेरिका मध्यभागी असलेले २०१२ चे चित्र सुओमी एनपीपी उपग्रहाने अनेक फेऱ्यांत गोळा केलेल्या माहितीतून जोडलेले आहे. तो एका क्षणाचा फोटो नव्हे. २००२ चेही तसेच. नाव तिघांनाही ‘ब्लू मार्बल’ असेच पडले आहे.

मंगळाच्या रोव्हरांत क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स दिसायला भावंडेच. चाके पाहा. क्युरिऑसिटीच्या चाकावर २४ कोनदार उंचवटे आणि मोर्स खुणेची भोके आहेत, पर्सिव्हिअरन्सच्या चाकावर ४८ हलके वक्र उंचवटे.

## टप्पा ६: चंद्रावरचा अंतराळवीर, अपोलो किती?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून इथे थोडे थांबू. समजा चौकोनी रंगीत फोटो आहे, क्रमांक नाही. एक अंतराळवीर, मागे डोंगरउतार, डाव्या कडेला जाळीदार चाकाचा तुकडा.

आधी क्रॉस. दिसतात, आणि मोठा क्रॉस डाव्या कडेजवळ आहे. म्हणजे डावी बाजू बरीच कापली गेली आहे आणि मूळ फ्रेममध्ये पूर्ण गाडी असणार. जाळीदार चाक म्हणजे चांद्रगाडी, म्हणून अपोलो १५, १६ किंवा १७. हातगाडी असती तर अपोलो १४. मागे तीन पायांचे जुने सर्व्हेयर यान असते तर अपोलो १२.

मग पोशाख. शिरस्त्राणावर आणि हातापायांवर लाल पट्टे असतील तर तो मोहिमेचा प्रमुख: १५ वर स्कॉट, १६ वर यंग, १७ वर सर्नन. पट्टे नसतील तर अर्विन, ड्यूक किंवा श्मिट. अपोलो ११ आणि १२ वर कोणालाच लाल पट्टे नव्हते. म्हणून लाल पट्ट्यांचा ‘आर्मस्ट्राँग’ दिसला की ओळ खोडायला हरकत नाही. अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावर चालले तेव्हा बाहेर हॅसलब्लाड एकच होता आणि बराच वेळ तो आर्मस्ट्राँगच्याच हाती, त्यामुळे तिथल्या फोटोंतला माणूस बहुधा ऑल्ड्रिन असतो.

गाडीच्या मडगार्डवर नकाशे जोडून केलेली डागडुजी दिसली तर अपोलो १७, आणि तीही दुसऱ्या फेरीपासून पुढची. डागडुजी दिसत नाही म्हणून १७ बाद होत नाही. पहिल्या फेरीत ती नव्हतीच.

तरी अडले तर क्षितिजरेषा. डोंगराची कड पातळ कागदावर उतरवून घ्या आणि तीन मोहिमांच्या पॅनोरमांशी ताडून पाहा. दगडांपेक्षा क्षितिज खात्रीचे, कारण कॅमेरा पाच पावले सरकला तरी दूरचा डोंगर बदलत नाही.

इशारा: जमिनीवरच्या सरावाचे फोटो इथे घुसतात. पूर्ण पोशाख, खडी, मागे काळा पडदा. एस किंवा केएससी क्रमांक आणि क्रॉसचा अभाव एकत्र दिसला तर आधी सरावाची शक्यता तपासा.

## टप्पा ७: तारीख आणि घड्याळे

अंतराळ मोहिमांच्या वेळा जागतिक वेळेत असतात. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. अपोलो ११ उतरले ते २० जुलै १९६९ ला २० वाजून १७ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे २१ जुलैची रात्र, १ वाजून ४७ मिनिटे. मराठी कात्रणात २१ आणि नासाच्या नोंदीत २० दिसले तर दोन्ही बरोबर. ओळीत कोणती वेळ वापरली ते लिहा.

दूरच्या यानांत फोटो काढल्याची वेळ आणि पृथ्वीवर पोहोचल्याची वेळ वेगळी असते. नेपच्यूनवरून संदेशाला चार तासांहून अधिक लागत. जुन्या प्रसिद्धिपत्रकांत कधी एक असते, कधी दुसरी. लेबल फाइलमधली सुरुवातीची वेळ घ्या.

## इस्रोच्या फोटोंसाठी वेगळी काळजी

विक्रम आणि प्रज्ञान ही नावे चांद्रयान-२ आणि ३ दोन्हींत आहेत. ‘विक्रमने टिपलेला’ एवढ्यावरून मोहीम कळत नाही. २०१९ च्या विक्रमनेही पृथ्वीचे फोटो पाठवले होते, एलआय४ कॅमेऱ्यातून, ३ ऑगस्ट २०१९ रोजी. २०२३ च्या विक्रमच्या लँडर इमेजरनेही १४ जुलैला, प्रक्षेपणाच्या दिवशी, पृथ्वी टिपली. चंद्राच्या पृष्ठभागावरून घेतलेले फोटो मात्र फक्त चांद्रयान-३ चे. प्रज्ञानच्या नॅव्हकॅमचा प्रत्येक फोटो ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ चाच, कारण २०१९ चा रोव्हर बाहेर आलाच नाही.

उलट बाजूने, चंद्रावर उभ्या विक्रमचा वरून घेतलेला इस्रोचा तीक्ष्ण फोटो चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरचा आहे. विषय ३ चा, कॅमेरा २ चा. इस्रोच्या माहितीसंग्रहातून उतरवलेल्या फाइलींच्या नावाची सुरुवात ‘सीएच२’ सारखी असते आणि पुढे ‘ओएचआर’ किंवा ‘टीएमसी’ असे उपकरण येते, मग तारीख. ही फाइल दुसऱ्या नावाने जतन करू नका.

रोव्हरच्या चाकाने मातीत उमटवलेल्या राजमुद्रेचा जो चकचकीत ‘फोटो’ फिरला, ते संगणकावर केलेले चित्र आहे.

## टप्पा ८: ओळ लिहिणे

उलट-प्रतिमा शोध (फोटो टाकून त्याच्या इतर प्रती शोधणे) आत्ता वापरा, आधी नाही. तो आधी वापरला की शंभर ठिकाणची तीच चूक शंभर पुराव्यांसारखी वाटते. निकालांतली सर्वांत मोठ्या मापाची प्रत आणि अंतराळ संस्थेचे पान एवढेच पाहा.

ओळीत हा क्रम ठेवा: काढणारे यान किंवा मोहीम, दिसणारी वस्तू, तारीख आणि वेळेचा प्रकार, फ्रेम क्रमांक, आणि बदल केलेले असल्यास ते (कापलेला, फिरवलेला, रंग वाढवलेला, अनेक फ्रेम जोडलेला). उदाहरणार्थ: ‘जेमिनी-६ए मधून दिसलेले जेमिनी-७, १५ डिसेंबर १९६५, कापलेली प्रत.’ जोडफोटो असेल तर एकच फ्रेम क्रमांक देऊ नका.

एएस११-४०-५९०३ बाबत एवढे नोंदवा: मूळ फ्रेममध्ये ऑल्ड्रिनच्या डोक्यावर आकाश जवळपास नाही. छापील आवृत्त्यांत वर काळा पट्टा जोडलेला असतो. तो दिसला तर ‘वरची बाजू वाढवलेली’ असे लिहा.

जिथपर्यंत खात्री आहे तिथेच थांबा. ‘व्हॉयेजर, १९७९’ ही पूर्ण बरोबर ओळ आहे. ‘व्हॉयेजर १’ मधला १ अंदाजाने घातलेला असेल तर ती चूक आहे. गुरूजवळून मार्चमध्ये पहिले आणि जुलैमध्ये दुसरे गेले, तेव्हा महिना मिळाला की तो आकडा घालता येईल. तोवर मूळ फाइल मूळ नावानेच ठेवा, आणि तुमचे तीन रकाने त्याच फोल्डरमध्ये.